आठ दिवस न जेवलेली आई

९ जानेवारी

धाकटे,

फोन करकरून बोटं दुखायला लागली. तू उचलत नाहीस. काल दुकानावर आले तर तुझी मदतनीस म्हणाली, "बाई बाहेर गेल्यात." बाहेर गेलेल्या बाईंचे पाय मला वाळत घातलेल्या चादरीखालून चांगले दिसत होते, आणि त्या पायांतल्या चपला मीच घेऊन दिलेल्या. मी तशीच निघून आले. म्हणून आता हे पत्र. पत्र आलं की मागच्या दारानं पळता येत नाही.

आधी कामाचं. बंब्याचा दंड मी भरला, तो किरकोळ होता, त्याचा विषय काढू नकोस. दंडाचं काही नाही, नोंद राहिली हे वाईट झालं. वयाखालच्या मुलाजवळ दारू सापडली आणि तो पहिलाच गुन्हा असला, तर कोर्टाला एक सवलत देता येते. मुलाला मनापासून पस्तावा झालाय असं दिसलं, तर समज देऊन सोडतात आणि कुठे काही नोंद राहत नाही. माझी सगळी वकिली त्या एका 'समज'वर चालते. आपल्या मुलाला ती मिळाली नाही. नोंद असलेल्या मुलाला अग्निशमन दल प्रशिक्षणाला घेत नाही, आणि त्यांची निवडयादी महिनाअखेरीस लागते. चालता येत नव्हतं तेव्हापासून जो पोरगा आगीच्या बंबामागे रांगत सुटायचा, आणि ज्याचं नावच आपण त्यावरून बंब्या पाडलं, त्याला हे सांगायचं कसं, ते मला ठाऊक नाही.

पण अजून सगळं संपलेलं नाही. महिन्याच्या आत फेरविचाराचा अर्ज करता येतो. सोबत जोडला आहे. मुद्दा असा की पोलिसांनी बाटल्यांना सील पोहण्याच्या तलावावर, त्याला पकडलं तिथेच लावलं नाही, ठाण्यात नेऊन मग लावलं. तेव्हा त्या बाटल्या याच्याच पिशवीतल्या होत्या हे कशावरून? बंब्या अजून सज्ञान नाही, म्हणून पालकाची सही लागते. फुली मारली आहे तिथे कर आणि पाठव.

आता तुला राग येईल असं बोलते. मोठी बहीण आहे, मी नाही बोलणार तर कोण? बंब्यानं पस्ताव्याचं निवेदन म्हणायला घेतलं. "माझी आई आठ दिवस जेवली नाही" इथपर्यंत आला आणि नव्या मॅजिस्ट्रेट बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात एक मुलगा आला होता, त्याचीही आई आठ दिवस जेवली नव्हती. पुढचं मीच म्हणते. 'तिच्या डोळ्यांत बघायची माझी हिंमत होत नाही.' हेच ना?" कोर्ट हसलं. दारातला शिपाईसुद्धा हसला. बंब्याचे कान लाल झाले. मग त्या तुझ्याकडे वळल्या, "बाई, तुम्ही आठ दिवस जेवला नाहीत का?"

आणि तू म्हणालीस, "जेवले."

अगं, नुसती मान हलवायची होती! डोळ्याला पदर लावला असतास तरी भागलं असतं. एवढ्याशा 'हो'नं तुझं काय जाणार होतं? मी तिथल्या तिथे सावरून घेतलं असतं. पण तुला लहानपणापासून सत्याचा फार पुळका. अर्जावर सही कर, बाकीचं मी बघते.

ताई


१६ जानेवारी

धाकटे,

सही आली नाही. माझं पत्र तुझ्या इस्त्रीखाली गेलं असेल, किंवा चुलीत.

ऑफिसातल्या कोर्टाच्या कपड्यांच्या कपाटात एकही धुतलेला शर्ट राहिलेला नाही. ती कवटी छापलेली बनियनं आणि फाटक्या विजारी घालून आलेली पोरं कोर्टात नेण्यासारखी करायची तर फिक्या रंगाचे शर्ट लागतात, आणि ते तुझ्याइतके कुणी धूत नाही. परवा दुसऱ्या लाँड्रीत टाकले. कॉलर अशी कडक करून दिली की एक पोरगी म्हणाली, "मॅडम, मान वळत नाही." मी म्हटलं, वळवूच नकोस, समोर बघ. हसलीस का? नसशील.

मागच्या पत्रातलं 'हो'चं मी बोलायला नको होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं. ते अर्धं मागे घेते.

अर्धंच का, तर ते न जेवलेल्या आईचं वाक्य काही मी हवेतून काढलेलं नव्हतं. खूप वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला होता, त्याची आई खरोखरच जेवत नव्हती. त्यानं ते सांगितलं तेव्हा जुन्या मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि समज देऊन सोडलं. मग मी ते वाक्य ठेवून घेतलं. पुढच्या मुलाला दिलं, त्याच्या पुढच्याला दिलं. साहेब दर वेळी मान डोलवायचे. त्यांना उतारवयात ऐकू कमी यायचं, हे मला माहीत होतं, पण चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार? किती पोरं त्या एका वाक्यावर घरी गेली असतील. कुणी शिक्षक झालंय, एक पोरगी औषधाचं दुकान चालवते, रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करते. मी काही वाईट केलं असं मला कधी वाटलं नाही.

तू विचारशील, निदान आपल्या पोरासाठी तरी दुसरं लिहायचं होतंस. अगं, आपल्या घरात कुणी आजारी पडलं तर आपण नवीन औषध आणून बघतो का? हजारदा लागू पडलेलंच देतो. बंब्या उभा राहणार म्हटल्यावर माझे हातपाय गार पडले होते. इतक्या वर्षांत कुठल्या अशिलासाठी पडले नव्हते. म्हणून जे सगळ्यात पक्कं होतं ते त्याच्या हातात दिलं.

तुला वाईट कशाचं वाटलं तेही मला कळतं, मी इतकी दगड नाही. तो पकडला गेला त्या संध्याकाळी तू त्याला ठाण्यावरून आणलंस, एक धपाटा घातलास आणि मग दोघं एका ताटात जेवलात. हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस, हसत हसत. आणि भर कोर्टात तुझ्या मुलानं तुला न जेवणारी, तोंड फिरवणारी आई करून टाकलं. ते त्याचं बोलणं नव्हतं, माझं होतं. पण लोकांनी त्याच्या तोंडून ऐकलं.

सही पाठव. दिवस जातायत.

ताई


१९ जानेवारी

धाकटे,

बंब्या आज ऑफिसात येऊन गेला. तुला सांगून आला का, ते मी विचारलं नाही.

त्यानं कोर्टात घातलेला शर्ट परत आणला होता. तुझ्या हातची घडी, बाह्या आत, वर पातळ कागद. आमच्या कारकुनाकडे दिला असता तरी चाललं असतं, पण तो माझ्या खोलीत आला, टेबलावर शर्ट ठेवला आणि त्याच्यावर माझा अर्ज. सही नाही.

म्हणाला, "आई सही करणार नाही. मीच नको म्हटलं. बाटल्या माझ्याच पिशवीत होत्या मावशी. सील कुठंही लावलं असतं तरी माझ्याच होत्या."

मी त्याला समजावायला लागले की कोर्टात खरं काय याच्यापेक्षा सिद्ध काय होतं ते बघतात. तो ऐकत उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, "झालं?" उर्मटपणे नाही गं. आपण दुकानदाराला विचारतो ना, झालं का, तसं.

मग दारापर्यंत गेला आणि तिथून, पाठमोरा, म्हणाला, "आई हल्ली जेवत नाही. ताट वाढून घेते आणि दुकानात काहीतरी राहिलंय म्हणून उठून जाते. तिला वाटतं, तिच्यामुळं झालं. ती 'जेवले' म्हणाली म्हणून."



धाकटे, हे मी घातलं तुझ्या डोक्यात. तुला आधीच वाटत असेल, तर त्यावर ठप्पा मारला, तोही पत्रानं, जोडपत्रासकट. मागच्या वेळी मी अर्धं मागे घेते म्हटलं. पूर्ण घेते. तुझ्या त्या शब्दानं काहीही बिघडलं नाही. त्याच्या आधीच सगळं बिघडलेलं होतं, आणि किती आधी, ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे. उद्या लिहिते. 

ताई


२० जानेवारी

धाकटे,

दोन गोष्टी मी तुझ्यापासून लपवल्या. वकील आहे, काय सांगायचं नाही ते मला आधी कळतं.

पहिली. सुनावणीच्या आदल्या दिवशी बंब्या शर्ट घालून बघायला आला होता. बटणं लावता लावता आपणहून सांगायला लागला. बरोबरच्या पोरांनी पोलीस बघितले आणि तलावाच्या भिंतीवरून उड्या टाकून पोबारा केला. पळताना एकाच्या हातून बाटली पायऱ्यांवर पडून फुटली. बंब्याही पळालाच होता. फाटकाच्या बाहेर पोचला होता, कुणाच्या हाती लागला नसता. आणि मग परत आला. सकाळी तिथे पोहायला शिकणारी लहान मुलं येतात, अनवाणी. तो काच वेचत बसला, पोलिसानं मागून खांद्यावर हात ठेवला तेव्हा दोन्ही मुठी काचांनी भरलेल्या होत्या. तुला ते माहीत होतं का? त्यानं तुला हात कापल्याचं काय कारण सांगितलं कोण जाणे. मला म्हणाला, "मावशी, मला पकडलं याचं तेवढं वाईट नाही वाटत. मी बाटल्या तिथं नेल्या याचं वाटतं. एखाद्या पोराच्या पायात गेली असती तर?"

मी काय केलं? त्याला हातानं थांबवलं. म्हटलं, काचेचं एक अक्षर काढायचं नाही. काच वेचत होतास म्हणजे बाटली तुझी, तू आणलीस, तुला माहीत होती. ताबा आणि जाणीव, दोन्ही आपल्याच तोंडानं कबूल. सरकारी वकील टपलेलाच असतो. कायद्याच्या दृष्टीनं मी चूक नव्हते. आजही कुणी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवायला सांगितलं तर दाखवीन.

त्यानं उरलेली बटणं लावली. मग म्हणाला, "मग मी काय म्हणू?" आणि मी त्याला आठ दिवस न जेवलेली आई दिली.

दुसरी. ज्या मुलानं तेच निवेदन बंब्याच्या आधीच्या आठवड्यात म्हटलं, तोही माझाच अशील होता, हे तू ओळखलंच असशील. त्या दिवशी कोर्ट उठल्यावर मॅजिस्ट्रेट बाई मला जिन्यात भेटल्या. शांतपणे म्हणाल्या, "वकीलबाई, मुलांना त्यांचं त्यांना बोलू द्या. चुकली तरी चालतील." मी "हो मॅडम" म्हटलं आणि मनात म्हटलं, नवीन आहे, चार महिन्यांत डोलायला लागेल. मला आधी सांगितलेलं होतं, धाकटे. कानीकपाळी ओरडून नव्हे, पण सांगितलं होतं.

तेव्हा तू 'हो' म्हणाली असतीस तरी काही झालं नसतं. त्या बाईंना उत्तर आधीच ठाऊक होतं. त्या तुला विचारत होत्या, कारण त्या खोलीत खरं बोलेल असं एक तरी माणूस त्यांना हवं होतं. तू बोललीस. बाकी आम्ही सगळे एका माळेचे मणी.

आता राहिला एकच रस्ता. सीलबील सोडून दे. फेरविचाराला नवीन कारण लागतं आणि खरं कारण एवढंच आहे की ते शब्द मुलाचे नव्हते, वकिलाचे होते, आणि त्याचे स्वतःचे शब्द वकिलानं बोलू दिले नाहीत. हे मला सहीनिशी लिहून द्यावं लागेल. दिलं की मी बंब्याची वकील राहू शकत नाही, साक्षीदार होते. आणि त्याच बाईंसमोर पुढच्या आठवड्यात माझी तीन पोरं उभी राहायची आहेत. त्यांच्या हातात मी दिलेले कागद आहेत, पाठ करतायत बिचारी. मी हे लिहून दिलं तर त्यांचं तोंड उघडायच्या आधीच ती खोटी ठरतील. त्यांच्यातल्या एकाचे वडील दर दोन दिवसांनी येतात आणि नुसते बाकावर बसतात. 

कुणाचं पोर वाचवू? वकील म्हणून उत्तर सोपं आहे, आणि ते तुझ्या मुलाच्या बाजूचं नाही. मला झोप नाही. हे मी तुला कीव यावी म्हणून लिहीत नाही. बरं, थोडं लिहीत असेन.

ताई


२ फेब्रुवारी

धाकटे,

नवीन अर्ज बंब्याबरोबर पाठवला होता, तो परत आला. चिठ्ठी नाही, काही नाही. सही मात्र आहे, नीट, पूर्ण नावाची. शाई जरा पसरली आहे. तुझे हात ओले असतील. मी तो कागद फार वेळ हातात धरून बसले.

दिलं लिहून. सगळं दिलं. मॅजिस्ट्रेट बाईंनी वाचलं, मला उभं केलं आणि विचारलं, "या महिन्यात माझ्यासमोर झालेली किती निवेदनं तुमची होती?"

मी म्हटलं, "सगळी."

या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या माझ्या तिन्ही पोरांना त्यांनी कागद खाली ठेवायला लावले आणि स्वतः प्रश्न विचारले. मी मागे बसायचं, तोंडाला कुलूप. कडक कॉलरची पोरगी म्हणाली, "खरं सांगू का मॅडम, पिण्याचं वाईट नाही वाटत. पण आजोबा ठाण्यात आले आणि त्यांनी हवालदाराला हात जोडले, ते मला बघवलं नाही." तिला समज देऊन सोडलं. असलं काही मला जन्मात सुचलं नसतं. दुसरा रडला, सुटला. तिसरा, ज्याचे वडील बाकावर येऊन बसायचे तो, नुसताच उभा राहिला. तोंड उघडायचा, मिटायचा. त्याला पाठ केलेलं सोडून दुसरं काही येईना, आणि ते तर म्हणायचं नाही असं सांगितलेलं. बाईंनी बराच वेळ दिला. शेवटी नोंद झाली. त्याचे वडील माझ्याकडे आले. फाइल मागितली, काखेत मारली आणि मुलाचा हात धरून गेले. एवढा मोठा मुलगा, आणि हात धरून.

ते माझ्या माथी आहे आणि ते कुठल्याही अर्जानं निघणार नाही. बंब्यासाठी मी त्याला विकला, असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

वकील संघाची नोटीस आलीय. बघू. कारकून म्हणतो, "बाई, आपण जमिनीच्या केसेस घेऊ, जमीन काही बोलत नाही." त्याच्या विनोदावर मी पहिल्यांदा हसले.

आणि हे बंब्याला आधी तू सांग. मी अग्निशमन दलाच्या कचेरीत जाऊन आले. यादी लागली. नोंद दिसतेय म्हणून त्यांनी त्याचं नाव काढलं आणि प्रतीक्षा यादीतल्या मुलाला घेतलं. खिडकीतला माणूस भला होता, म्हणाला, नोंद गेली तर पुढच्या वर्षी परत अर्ज करू दे. म्हणजे एक वर्ष गेलं. एक वर्ष काही मोठं नाही असं आपण मोठी माणसं म्हणतो. सतराव्या वर्षी ते किती मोठं असतं, ते तुला आणि मला दोघींनाही आठवत असेल.

माय मरो पण मावशी जगो म्हणतात. ज्यानं ही म्हण काढली त्याची मावशी वकील नसावी.

फेरसुनावणी दहा तारखेला आहे. आत तू जाशील, पालक म्हणून. मला आत बसायला मनाई आहे. तो काय बोलणार ते मी त्याला विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

काल तू मला बघितलंस. मी तुला बघितलं. मधे एवढासा व्हरांडा, आणि आपण दोघी समोरासमोरच्या बाकांवर, दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारख्या. तू वाळली आहेस. तुला हाक मारावी असं दहादा मनात आलं. पण हाक मारून पुढे काय बोलायचं ते आधी ठरवायला लागले, आणि ठरवायला लागल्यावर माझीच मला चीड आली. इतकी वर्षं मी हेच केलं. कुणालाही वाईट वाटायच्या आधी त्याला शब्द काढून दिले.

पुकारा झाला. तुम्ही आत गेलात, दार लागलं. इतक्या वर्षांत त्या दाराच्या बाहेर मी कधी बसले नव्हते. बाहेरून काहीही ऐकू येत नाही, हे मला माहीतच नव्हतं. पोरांचे आईबाप असे बसत असतील तर. शिपाई माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, आज तुमची केस कुठली?" मी म्हटलं, "नाही, आज माझी केस नाही." त्यानं पाण्याचा पेला आणून दिला.

कान देऊन बसले होते. एकदा वाटलं, त्याचा आवाज आला. एकदा वाटलं, बाईंचा. मग फार वेळ काहीच नाही. मी मनातल्या मनात त्याच्यासाठी वाक्यं जुळवत होते, जित्याची खोड. काचेचं आधी सांग, मग मुलांच्या पायांचं, मग जरा थांब. थांबलास की परिणाम होतो. एवढं सगळं होऊनसुद्धा, धाकटे. मग हात दाबून धरले, जसं काही वाक्यं हातातून येतात.

दार उघडलं. आधी शिपायानं मान हलवली, तेव्हाच कळलं की समज देऊन सोडलं. नोंद गेली. मी देवाला हात जोडत नाही, तुला माहीत आहे. काल कुणाला तरी जोडले.

मग बंब्या आला. स्वतःचाच शर्ट घालून आला होता, तो निळा, कोपराला विरलेला. चेहरा रडून सुजलेला आणि तरी मोकळा. मी उठले. त्याला जवळ घ्यायचं सोडून, त्याला पाणी हवंय का विचारायचं सोडून, माझ्या तोंडून निघालं ते काय? "काय बोललास रे आत?"

तो थांबला. माझ्याकडे नीट बघितलं. त्या पहिल्या सुनावणीनंतर पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे असं बघितलं असेल. राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. हळूच म्हणाला,

"ते तुझ्यासाठी नव्हतं, मावशी."

आणि तू त्याच्या मागून बाहेर आलीस, त्याच्या पाठीवर हात ठेवलास आणि दोघं जिना उतरून गेलात.

मी त्याला उत्तर दिलं होतं, ते तुझ्या कानावर गेलं की नाही कोण जाणे. मी म्हटलं, "बरं." एवढंच. आणखी काही म्हणायला सुचलं नाही, धाकटे. खरंच सुचलं नाही.

ताई